हुकूम मागे घ्यायचा, पण कोणत्या क्रमाने?

पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक 44 वर्षांचे आहेत. नाशिकजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेल्या वर्षी ते उत्पादन विभागाचे प्रमुख झाले. आधीच्या प्रमुखांच्या काळात कुणीही लाइन थांबवायचं, कुणीही सुरू करायचं. माल उशिरा जायचा, दंड भरावा लागायचा. म्हणून यांनी आल्याआल्या नियम केला: माझ्या सहीशिवाय कुठलाही लॉट अडवायचा नाही. मागच्या महिन्यात एका तरुण इंजिनिअर मुलीने मापाबद्दल शंका आली म्हणून रात्रपाळीत लॉट अडवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "हा नियम चुकीचा आहे, मी तो पाळणार नाही." यांनी तिला मेमो दिला आणि चौकशी होईपर्यंत स्टोअरमध्ये बसवलं. तेव्हापासून विभाग गप्प आहे. वयाने बराच लहान असलेला एक सुपरवायझर एकांतात येऊन म्हणाला, "सर, सगळे तिच्या बाजूने आहेत. मागे घ्या." मधल्या काळात कंपनीने 'अभिजात नाटकांतून नेतृत्व' अशी कार्यशाळा ठेवली. तिथे शेक्सपिअरच्या नाटकांतली पाचव्या हेन्रीचं आणि मार्क अँटनीचं अशी दोन भाषणं दाखवली, आणि सांगितलं की नेता हा नट असतो, प्रेक्षकांसमोर त्याने डगमगायचं नसतं. पुढच्या आठवड्यात विभागाची सभा आहे. त्यांचा प्रश्न: "हुकूम मागे घेतला तर पत जाईल, नाही घेतला तर माणसं जातील. दोन्ही सावरेल असं मी काय बोलू? नाटकातलंच एखादं उदाहरण द्या."

उत्तर:

भाषण मी देणार आहे, पण शेवटी. आणि ते तुमच्या अपेक्षेपेक्षा फारच आखूड असेल.

आधी त्या दोन भाषणांबद्दल. दोन्ही थोर आहेत, वाद नाही. पण कार्यशाळेत भाषण तेवढं कापून दाखवलं की त्याच्या मागचं-पुढचं नाटक दिसत नाही. शेक्सपिअरचा हेन्री, इंग्लंडचा राजा, फ्रेंचांविरुद्धच्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईच्या दिवशी सकाळी ते भाषण करतो. आदल्या रात्री तो काय करतो, हे तुम्हाला दाखवलं का? एका वृद्ध सरदाराचा झगा उसना घेऊन तो अंधारात छावणीत फिरतो आणि साध्या शिपायांशी बोलतो. त्यांतला एक शिपाई, मायकल विल्यम्स, राजा समोर आहे हे न कळल्यामुळे खरं ते बोलतो. या लढाईचं कारणच न्याय्य नसेल, तर उद्या तुटणाऱ्या हातापायांचा हिशेब राजालाच द्यावा लागेल, असं त्याचं म्हणणं. हेन्रीला ते झोंबतं. तो वाद घालतो, आणि प्रकरण एकमेकांचे हातमोजे घेऊन 'लढाईनंतर बघून घेऊ' इथवर जातं. म्हणजे ऐकून घेण्यात तोही काही फार पटाईत नव्हता. पण निदान ऐकायला गेला होता. आणि सकाळच्या भाषणातही, ज्याला लढायची इच्छा नसेल त्याने खुशाल जावं, परवाना देतो, वाटखर्चीही देतो, असं तो सांगतो. हे वाक्य मला त्यातल्या वीरश्रीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

अँटनीचं तर विचारूच नका. 'ज्युलिअस सीझर' नाटकात खून झालेल्या सीझरच्या प्रेतापाशी उभं राहून तो जमाव पेटवतो, मृत्युपत्र वाचून दाखवतो, प्रत्येक नागरिकाला पैसे मिळणार म्हणतो. लगेच पुढच्या प्रवेशात तोच जमाव सिन्ना नावाच्या एका कवीला केवळ खुनाच्या कटातल्या सिन्नाशी नाव जुळतं म्हणून फाडून टाकतो. आणि त्याच्या पुढच्या प्रवेशात अँटनी साथीदारांबरोबर बसून कुणाकुणाला मारायचं याच्या नावांवर खुणा करतोय, आणि वर म्हणतोय की ते मृत्युपत्र आणा, त्यातली देणी कुठे कमी करता येतील ते बघू. उत्पादन विभागाच्या प्रमुखासाठी हा धडा म्हणून कोण निवडतं, कळत नाही.

तुमच्या पत्राला जवळचं नाटक वेगळंच आहे. ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं 'अँटिगनी', इसवी सनापूर्वी 441 च्या आसपासचं. ते लिहिणारा माणूस अथेन्सच्या दहा सेनापतींपैकी एक म्हणून निवडूनही आला होता, म्हणजे हुकूम देणं काय असतं हे त्याने नुसतं ऐकलेलं नव्हतं. गोष्ट अशी: थीब्ज शहराच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला. शहराच्या बाजूने लढलेल्या भाच्याला त्याने सन्मानाने पुरलं आणि बाहेरचं सैन्य घेऊन आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत उघड्यावर ठेवायचा हुकूम काढला. जो पुरेल त्याला मृत्युदंड. बहीण अँटिगनी भावाला माती देते आणि सगळ्यांसमोर सांगते की हो, मीच दिली, तुझा हुकूम देवांच्या नियमांहून मोठा नाही. क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडायची शिक्षा देतो.

आता क्रेऑनला लगेच खलनायक करू नका. मी तुमच्या बाजूने वाचतोय. शहर नुकतंच यादवीतून निघालंय, कुणाचं कुणी ऐकत नाही, नव्या माणसाला घडी बसवायची आहे. त्याच्या हुकुमाला कारण होतं. तुमच्या नियमालाही होतं. त्याचं पहिलं भाषणसुद्धा उत्तम आहे: माणसाच्या हाती राज्य येईपर्यंत त्याचं मन आणि बुद्धी कळत नाही, भीतीने तोंड बंद ठेवणारा राज्यकर्ता सगळ्यांत वाईट, वगैरे. हे भाषण इतकं गाजलं की पुढे इसवी सनापूर्वी 343 मध्ये डेमॉस्थेनीस या अथेन्सच्या वक्त्याने ते भर न्यायसभेत वाचायला लावलं. समोर आरोपी होता एस्किनीस. हा गृहस्थ राजकारणात येण्याआधी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केली होती. डेमॉस्थेनीसचा टोला असा की ज्याने ही वाक्यं रंगमंचावर इतक्यांदा म्हटली, तो कामाच्या वेळी ती विसरला. एस्किनीस त्या खटल्यातून सुटला, ते सोडा. पण 'नेता हा नट असतो' असं तुम्हाला शिकवणाऱ्यांना हा किस्सा सांगावासा वाटतो.

या नाटकात क्रेऑनपर्यंत खरी बातमी तीन माणसं आणतात, आणि तिघांशी तो कसा वागतो तेवढं नीट पाहा.

पहिला साधा पहारेकरी. प्रेतावर कुणीतरी माती घातली हे सांगायला कुणी जायचं, यासाठी पहारेकऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि याच्या नशिबी आलं. येताना तो जागोजागी थांबला, मागे वळला, छोटा रस्ता लांबच लांब झाला, असं तोच सांगतो. बातमी ऐकताच क्रेऑन म्हणतो, तू पैसे खाल्लेस. दुसरा त्याचा मुलगा हेमॉन, अँटिगनीशी ज्याचं लग्न ठरलंय. तो म्हणतो, बाबा, तुमचा चेहराच असा आहे की साध्या माणसाला तुमच्यासमोर बोलवत नाही. मला मात्र अंधारात कानावर येतं, सगळं शहर त्या मुलीसाठी हळहळतंय. क्रेऑनचं उत्तर: या वयात मी या पोरांकडून शहाणपण शिकायचं? तिसरा आंधळा द्रष्टा टायरेसिअस. तो सांगतो की चुका सगळ्यांच्याच होतात, चूक झाल्यावर जो हट्ट सोडून ती दुरुस्त करतो तो मूर्ख नव्हे. त्यालाही हा म्हणतो, तुमची जातच पैशाला हपापलेली.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. सुपरवायझरबद्दल तुम्ही लिहिलंय, "हा माझ्यापेक्षा इतका लहान, आणि याला तिच्याबद्दल एवढा कळवळा का, तेही बघायला हवं." तो कळवळा कशातून आला याचा शोध घेऊ नका. तुमच्या विभागातला तो शेवटचा बोलता माणूस असू शकतो. आणि "सीनिअर मंडळींपैकी कुणीच मला चूक म्हटलं नाही" याचा आधार घेऊ नका. त्या नाटकातले वृद्ध नागरिकही सुरुवातीला एवढंच म्हणतात की तू राजा आहेस, तुला हवा तो कायदा करायचा अधिकार आहे. तुम्ही त्यांचं बोलणं संमती म्हणून ऐकलंत तर फसाल.

हेमॉन बापाला एक गोष्ट सांगतो: पुराच्या काठची जी झाडं वाकतात त्यांच्या फांद्याही वाचतात, ताठ राहतात ती मुळासकट जातात. आपल्याला लगेच तुकोबा आठवतात, 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती'. पण फरक आहे. तुकोबा देवाकडे लहानपण मागतायत. हेमॉन बापाला लहान व्हायला सांगत नाही. राजा राहूनच वाक, असं त्याचं म्हणणं आहे. तुमची सगळी भीती या दोन गोष्टी एकच मानण्यातून आली आहे. हुकूम मागे घेतला की खुर्ची लहान होते, असं तुम्ही गृहीत धरलंय. पत कशावर उभी आहे हे तुम्ही तपासलेलं दिसत नाही. नियम बदलला म्हणून ती गेली की विभाग गप्प झाला तेव्हाच निम्मी गेली होती? मला दुसरी शक्यता खरी वाटते.

आता ज्या जागेसाठी मी हे नाटक काढलं ती जागा. टायरेसिअस निघून गेल्यावर क्रेऑन हादरतो. वृद्धांना विचारतो, सांगा, काय करू? ते दोन कामं सांगतात, आणि क्रमही देतात: जा, आधी त्या मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावरच्या त्या प्रेताला कबर दे. आणि हे दुसऱ्यांवर सोपवू नकोस, स्वतः जा. क्रेऑन मानतो. स्वतः जातोसुद्धा. पण क्रम उलटा करतो. आधी प्रेतापाशी जातो, प्रार्थना करतो, प्रेत धुऊन दहन करतो, मातीचा उंच ढीग रचतो, सगळं विधिपूर्वक. मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन तिथेच स्वतःला तलवार खुपसून घेतो, आणि ते ऐकून क्रेऑनची राणीही जीव देते.

क्रेऑन बदलला नाही म्हणून हे घडलं, असं सर्रास सांगितलं जातं. तो बदलला होता. त्याने आधी रीतसर विधी उरकला आणि जिवंत माणसाकडे नंतर गेला.

तुम्ही मला सभेतलं भाषण विचारताय, म्हणजे तुम्हीही विधीपासूनच सुरुवात करताय.

म्हणून सभेच्या आधी, शक्यतो उद्याच, स्टोअरमध्ये जाऊन तिला भेटा. केबिनमध्ये बोलावू नका, एचआरला पाठवू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. सांगायचं एवढंच: तुला इथे बसवणं चूक होतं, उद्यापासून तू तुझ्या जागेवर ये. कारणमीमांसा नको. "पण तूही सगळ्यांसमोर..." हे तर अजिबात नको. ती रागावली तर रागावू द्या. अँटिगनीही काही गोड माणूस नव्हती. मदतीला आलेल्या सख्ख्या बहिणीलाही तिने झिडकारलं. ती सगळ्यांसमोर ज्या सुरात बोलली तो सूर तुम्हाला लागला, हे मी समजू शकतो, आणि त्याबद्दल तिच्याशी बोलायचा तुम्हाला हक्कही आहे. पण दोन-तीन आठवड्यांनी, वेगळं. 'मी मेमो मागे घेतो, तू माफी माग' असा सौदा केलात तर दोघांचंही गेलं.

दुसरं काम कागदाचं. मेमो लेखी दिला असेल तर लेखीच मागे घ्या, एचआरकडून तिच्या फाइलमध्ये तशी नोंद करून घ्या आणि तिला प्रत द्या. तोंडी "विसरून जा" म्हटलेलं तिसऱ्या वर्षी बढतीच्या वेळी कुणाला आठवत नाही, मेमो मात्र फाइलमध्ये असतो. तुमच्या वरिष्ठांनाही आधी कळवा. परवानगी मागतोय अशा सुरात नको. काय केलं आणि का, ते दोन ओळीत.

तिसरं, तो लॉट. मापं खरंच चुकली होती का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ते मला खटकलं. तुमच्या विभागाबाहेरच्या कुणाकडून ते मोजून घ्या. पण त्या निकालावर पहिलं काम अवलंबून ठेवू नका. माल चांगला निघाला तरी शंका आल्यावर थांबणं हे तिचं कामच होतं.

नियमाचं काय? तो सगळा टाकून द्यायचा नाही. गोंधळ खरा होता, तुम्ही तो आवरलात. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका सहीखाली आणल्यात: थांबवणं आणि सोडणं. थांबवायचा अधिकार प्रत्येकाला द्या, कारण लेखी आणि त्याच पाळीत. पुन्हा सुरू करायला किंवा माल सोडायला मात्र तुमची सही, आणि तुम्ही नसाल तेव्हा कुणाची, हेही नाव घालून लिहा. टोयोटाच्या जुळणी कारखान्यांत कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून अडचण कळवू शकतो आणि ती लगेच सुटली नाही तर लाइन थांबते, हे तुमच्या क्षेत्रात मी तुम्हाला सांगायला नको. आणि नाटकाचंच म्हणाल तर नाट्यगृहात जाऊन एकदा विंगेत उभे राहा. मुख्य नट मेकअप करून तयार असतो, प्रेक्षक टाळ्या वाजवून घाई करत असतात, पण प्रकाशयोजनेत काही अडलं असेल तर तिसरी घंटा होत नाही. ती रोखून धरणाऱ्या माणसाचं नाव जाहिरातीत नसतं. कार्यशाळेवाल्यांनी तुम्हाला नटाऐवजी त्याच्याकडे पाठवायला हवं होतं.

तुम्ही लिहिलंय की एकदा वाकलो तर उद्या प्रत्येक जण नियम मोडेल. हा धोका अगदीच खोटा नाही. त्याला उत्तर एवढंच की नियम कशासाठी मोडला ते पाहावं. स्वतःच्या सोयीसाठी, पाळी लवकर संपवायला कुणी लाइन बंद केली, तर कारवाई करा, जरूर करा. इथे तिने स्वतःचं नुकसान पत्करून थांबवली. हा फरक विभागातल्या हेल्परलाही कळतो. तो तुम्हाला कळतो की नाही, एवढंच ते सध्या बघतायत.

दुसरा पर्यायही मी तोलून पाहिला: चौकशी पूर्ण होऊ द्यायची, तिच्या बाजूने निकाल आला की आपोआप सगळं सुटेल. दिसायला हा रास्त वाटतो, आणि कंपनीच्या नियमांनी चौकशी मागे घेताच येत नसेल तर ती चालू राहू द्या. पण ती स्टोअरमध्ये बसलेली असताना नको. चौकशी आणि शिक्षा एकाच वेळी सुरू असली की चौकशीवर कुणाचा विश्वास बसत नाही. आणि तोवर तिने दुसरीकडे मुलाखत दिली तर तुमचा निकाल कुणाला वाचून दाखवणार?

हे सगळं फक्त कारखान्यापुरतं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका, सोसायटीचे सचिव, मंडळाचे अध्यक्ष, स्पर्धेचं नाटक बसवणारे हौशी दिग्दर्शक अशांची याच धाटणीची पत्रं येतात, आणि बहुतेकांना बोलायचं काय हेच हवं असतं. त्यांना माझी एक विनंती: हे नाटक मिळवून वाचा, पण राजाच्या किंवा नायिकेच्या बाजूने नको, त्या पहारेकऱ्याच्या बाजूने वाचा. मग आपल्याकडे शेवटची वाईट बातमी कोण घेऊन आलं, घडल्यापासून किती वेळाने, आणि आपला पहिला शब्द काय होता, ते आठवून लिहून काढा. पहिला शब्द 'कुणी' असेल तर तो 'कुठे' किंवा 'कधी' करायचा प्रयत्न करा. एवढ्यानेही बातम्या लवकर यायला लागतात.

आता तुमचं भाषण. सभेत नेहमीचे विषय आधी घ्या आणि हे मध्येच कुठेतरी, बसूनच सांगा:

"सहीचा नियम मी केला होता. त्यात थांबवणं आणि सोडणं मी एकत्र केलं, ते चुकलं. आजपासून शंका आली तर कुणीही लॉट अडवू शकतो, सोडायला सही लागेल. नवा नियम बोर्डावर लावलाय. जुना नियम मोडल्याबद्दल दिलेला मेमो मी मागे घेतलाय."

एवढंच. कुणी काही विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर पुढच्या विषयावर जा. टाळ्यांची वाट पाहू नका, आणि शांतता पसरली तर ती भरायला जाऊ नका. तिला उभं करून कौतुक करू नका. सगळ्यांसमोर स्टोअरमध्ये धाडलेल्या माणसाला सगळ्यांसमोर पुन्हा वापरून घेतल्यासारखं होईल ते. तिचं नावच घेऊ नका. सुपरवायझरचंही नको, आभारासाठीसुद्धा नको, नाहीतर तो 'साहेबांचा माणूस' होईल आणि त्याच्याशी कुणी बोलणार नाही.

एक शक्यता उरते. तुम्ही स्टोअरमध्ये जाल आणि ती म्हणेल, "मला विचार करायला वेळ हवा," किंवा राजीनामाच पुढे करेल. राजीनामा हातात घेऊ नका, आठवडाभर थांब म्हणा, वेळ मागितला तर द्या. पण नवा नियम तिच्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका. ती परत आली नाही तरी तो बोर्डावर लागलाच पाहिजे, कारण तिच्या जागी रात्रपाळीला जो कुणी येईल त्यालाही मापाबद्दल शंका येणारच आहे.